मुक्काम पोस्ट चौल

माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, असं मी आजवर धरून चाललो होतो. बँकेचा सगळा कारभारच या श्रद्धेवर उभा आहे. हजेरीपटावर सही आहे म्हणजे माणूस आहे. सही नाही म्हणजे तो समोर बसून चहा पीत असला तरी नाही. आता सहीच्या जागी अंगठ्याचं यंत्र आलं, पण तत्त्व तेच. नुसता अंगठा पाठवून बाकीचा माणूस घरी ठेवायची सोय अजून कुणाला साधलेली नाही.

माझ्या या श्रद्धेला तडा दिला तो आमच्या थोरल्या मेहुण्यांनी. बायकोचे ते दादा, म्हणून माझेही दादाच. मुलुंडला राहतात, ठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत, आणि हॅम आहेत. आमच्या लग्नाच्या बोलणीत ‘मुलीचा भाऊ हॅम आहे’ असं कुणीसं सांगितलं, तेव्हा आमच्या वडिलांनी ‘पर्मनंट का?’ असं विचारलं होतं.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं, ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होणारं एक सांकेतिक नाव मिळवायचं आणि स्वतःच्या यंत्रावरून जगभरातल्या अशाच रिकामटेकड्यांशी बोलत बसायचं. राजीव गांधींनाही हा नाद होता, हे दादा दर भेटीत एकदा सांगतात. या बोलण्यात धंद्याची गोष्ट काढायची नाही, गाणी वाजवायची नाहीत. मग बोलायचं काय? तर, ‘तुमचा आवाज छान येतोय, माझा कसा येतोय, तुमच्याकडे हवा कशी आहे?’ मी बी. कॉम. माणूस. ज्या खात्याला नुसती नावेची बाजू आहे आणि जमेची नाहीच, ते खातं माणूस तीस वर्षं कसं चालवतो, हे मला कळलेलं नाही.

मुलुंडला हा उद्योग चालत नाही. एक तर गच्चीवर एरियल लावायला सोसायटी तयार नाही. एरियलमुळे डोकं दुखतं, असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं पडलं. आणि एरियल उभारायच्या आधीच त्यांचं दुखायला लागलं. दुसरं म्हणजे, रेडिओच्या कानानं ऐकलं तर शहर म्हणजे लग्नाचा हॉल. प्रत्येक दिवा, प्रत्येक चार्जर, प्रत्येक लिफ्ट काही ना काही कुरकुरत असते. त्या कलकलाटात ब्राझीलची कुजबूज ऐकू येणार कशी?

म्हणून दादांचं स्टेशन चौलला, वडिलोपार्जित घरात. लायसन्सवर पत्ताही तिथलाच. मागे पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला दोन माड, आणि त्या माडांच्या मध्ये ताणलेली वीस मीटर तार. या तारेच्या आणि शंभर वॅटच्या जोरावर दादा जगाशी बोलायचे. शंभर वॅट म्हणजे जुन्या काळी माजघरात जळायचा तो एक बल्ब. घरात राहतात सासूबाई, एकट्या, वय वर्षं ऐंशीच्या आसपास. दादा दर पंधरवड्याला शनिवारी पहाटे निघायचे, वडखळ नाक्याच्या गर्दीत तासभर तपश्चर्या करायचे आणि जेवायच्या वेळेला चौलला पोचायचे. रविवारी रात्री परत. डोक्यात नवे दोन देश आणि पिशवीत पांढरे कांदे नि सोललेले वाल.

हे २०२० च्या मार्चपर्यंत नीट चाललं होतं. मग टाळेबंदी आली, आणि दादा मुलुंडला अडकले. त्यातच ३ जूनला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये पोफळी नि माड काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. दोन दिवस चौलहून एक शब्द नाही. दादा मुलुंडच्या गॅलरीत नुसते येरझाऱ्या घालत होते. जपान, इटली, ब्राझील सगळ्यांशी बोलणारा माणूस, आणि सव्वाशे किलोमीटरच्या आतल्या आईचा आवाज नाही. वर गंमत अशी की, रेडिओ तिकडेच होता, बॅटरी भरलेली होती. नव्हता तो फक्त माणूस. तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा रेंज मिळेल तिथवर गेला आणि निरोप आला : ‘आजी बरी. पोफळी गेल्या. तारेचा एक माड पडला.’

त्या दिवसापासून दादांनी मनात घेतलं, की चौलचं स्टेशन मुलुंडहून चालवायचं. मी म्हटलं, ‘दादा, वादळात वीजही गेली होती नि इंटरनेटही. तुमचं हे यंत्र तेव्हाही मुकंच राहिलं असतं.’ दादा म्हणाले, ‘तुम्हाला त्यातलं कळत नाही.’ मला ज्यातलं खरोखर कळतं, तेव्हाच हे वाक्य मला ऐकावं लागतं, असा अनुभव आहे.

२०२१ मध्ये यंत्रणा उभी राहिली. रचना तशी सोपी आहे. निदान मला सांगितली ती सोपी होती. चौलला रेडिओ. त्याच्या शेजारी तळहाताएवढा एक संगणक. त्याला इंटरनेटची तार आणि दिवे गेले तर काही तास पुरेल अशी बॅटरी. इकडे मुलुंडला दादांच्या टेबलावर दुसरा संगणक. इथे चाक फिरवलं की तिथे रेडिओचं स्टेशन सरकतं. इथे बोललं की आवाजाचे आकडे होतात, ते तारेनं चौलला जातात, तिथे त्यांचा पुन्हा आवाज होतो आणि माडावरून आकाशात सुटतो. येणारा आवाज त्याच वाटेनं उलटा. म्हणजे माल मुलुंडचा, शिक्का चौलचा आणि डिलिव्हरी परदेशी.

पहिल्या महिन्यात संगणक सात वेळा मूर्च्छित पडला. मग दादा आईला फोन करायचे, ‘आई, त्या काळ्या डब्याची पिन काढ, दहापर्यंत मोज आणि परत लाव.’ सासूबाई दहा आकडे मोजत नसत. दहा वेळा रामाचं नाव घेत. डबा सुरू व्हायचा. दादा म्हणायचे, सिस्टिम रिसेट झाली. सासूबाई म्हणायच्या, राम पावला. पुढे डब्यात पाल शिरली, ती सासूबाईंनी केरसुणीनं काढली. लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याचा रात्री त्रास होतो म्हणून त्यांनी डब्यावर जुनं पातळ पांघरलं, डबा तापला, ते पातळ पुन्हा फोनवरून काढायला लावलं. माझा तर सिद्धान्तच झाला आहे, की लांबून चालणारी कुठलीही यंत्रणा शेवटी एका म्हाताऱ्या बाईवर चालते.

एवढं होईपर्यंत प्रश्न विनोदाचा होता. तो नीतीचा झाला जुलैमधल्या एका संध्याकाळी. आम्ही मुलुंडला जेवायला गेलो होतो. दादांना इटलीतला कुणी गृहस्थ सापडला. आवाज पाच-नऊ, म्हणजे यांच्या हिशोबात पैकीच्या पैकी. दादांनी ठसक्यात सांगितलं, ‘मुक्काम चौल, मुंबईच्या दक्षिणेला, समुद्रकाठी.’ त्यानं विचारलं, ‘हवा कशी आहे?’ दादांनी मुलुंडच्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि सांगितलं, ‘स्वच्छ! तारे दिसताहेत!’

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. ‘अरे, इथे धो धो पाऊस आहे, तुझी ती तार काढायची का?’

मी म्हटलं, ‘दादा, खोटं बोललात.’

‘खोटं कसं? इथे तारे आहेतच की.’

‘मग मुक्काम मुलुंड सांगायचा.’

‘मुलुंडहून लहरी निघतच नाहीत! त्या चौलहून निघाल्या.’

‘मग पाऊस सांगायचा.’

‘तो मला दिसत नाही!’

घ्या. म्हणजे जिथे पाऊस पडत होता तिथे दादा नव्हते आणि जिथे दादा होते तिथे ते आहेत असं ते कबूल करत नव्हते. खातेउतारा जुळेना.

दादा वादात हार जाणारे नाहीत. त्यांनी आधी आकाशवाणी काढली. ‘निवेदिका बसायच्या चर्चगेटला, मनोरा मालाडला. त्यांना कुणी खोटारडं म्हटलं का?’ मग ते १९२७ वर गेले. त्या वर्षी विलायतेशी बिनतारी तारायंत्र सुरू झालं; त्याचं पाठवणारं केंद्र खडकीला, घेणारं दौंडला, आणि लोकांच्या तारा यायच्या-जायच्या मुंबईच्या कचेरीत. ‘तोंड खडकीला, कान दौंडला आणि मेंदू मुंबईत. आपल्याच महाराष्ट्रात! मी तर तोंड आणि कान दोन्ही एकाच ओटीवर ठेवलेत.’

मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं, नियम. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची एक मोठी संघटना आहे, ए. आर. आर. एल. निदान शंभर देशांशी बोलून दाखवलं की ती एक मानाचं प्रशस्तिपत्र देते. तिचा नियम असा, की एका संभाषणासाठी वापरलेली पाठवणारी आणि घेणारी यंत्रं ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असली पाहिजेत. माणूस कुठेही असो. स्टेशनचा पत्ता म्हणजे यंत्राचा पत्ता. आणि लांबून चालवलेलं स्टेशन आपल्या पराक्रमात किती धरायचं, ते त्यांनी ज्याच्या-त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलं आहे.

मी तो नियम दोनदा वाचून घेतला. ‘सद्सद्विवेकबुद्धीवर सोडलं आहे’ असं वाक्य आमच्या बँकेच्या सर्क्युलरमध्ये आलं, तर दुसऱ्या दिवशी स्ट्राँगरूममध्ये फक्त झाडू शिल्लक राहील. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. दोघं जातीनं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एकाची सद्सद्विवेकबुद्धी नि दुसऱ्याचा फोन, असं चालत नाही.

पण विचार करताना दुसरी बाजूही दिसली. हजर असणं हीच जर खरेपणाची खूण, तर चौलचा इतिहास निम्मा खोटा ठरेल. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं आपल्या भूगोलात ‘सिमुल्ला’ बंदर नोंदवलं. ते चौलच असं जाणकार मानतात. टॉलेमी होता अलेक्झांड्रियात. त्यानं हिंदुस्थानात पाऊल टाकलं नाही. खलाशी नि व्यापारी सांगतील ते ऐकून नकाशा मांडला. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आला तो मात्र जातीनं. विकायला एक घोडा बरोबर घेऊन, समुद्रातून, थेट चौलच्या बंदरात. दोघांचीही नावं राहिली. पण टॉलेमीला विचारलं असतं, ‘बाबा, चौलला हवा कशी आहे?’ तर तो म्हणाला असता, ‘ऐकीव सांगू का?’ आणि निकितिननं भिजलेली पैरण दाखवली असती. ऐकीव सांगणं पाप नाही. ऐकीव आहे हे न सांगणं, तिथे गडबड आहे.

दादांना हे पटलं. पटलं असं ते म्हणाले नाहीत, पण पुढच्या वेळी मी ऐकलं, ते स्पेनच्या माणसाला सांगत होते, ‘स्टेशन चौलला, मी मुलुंडला, चौलची हवा आईला विचारून सांगतो.’ स्पेनचा माणूस दोन मिनिटं थांबला. दादांनी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, ‘त्याला सांग, मळभ आहे, वाळवणं घालू नकोस म्हणावं.’ हा निरोप स्पेनला पोचला. नैतिकतेचा इतका शुद्ध विजय मी बँकेत पाहिलेला नाही.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. समजा, दादा मुलुंडहून बोलताहेत आणि मध्येच इंटरनेट तुटलं. तिकडे रेडिओचं बोलायचं बटण दाबलेलं ते दाबलेलंच. मालक बेपत्ता आणि यंत्र आकाशात भणभणतंय. कुणाच्या बोलण्यात आडवं येईल, काही जळेल. अमेरिकेच्या कायद्यात यावर तोड आहे : नियंत्रणाचा दुवा बिघडला तर प्रक्षेपण तीन मिनिटांच्या वर चालता कामा नये, अशी तजवीज स्टेशनातच हवी. दादांनी तशीच केली आहे. दुवा तुटला की डबा आपण होऊन तोंड मिटतो. मला हे फार आवडलं. लांबून हात घालणाऱ्यानं आधी, आपला हात तुटला तर काय, याची सोय करावी. नाही तर लांबून सल्ला देणारे नातेवाईक पाहा. दुवा कधीच तुटलेला असतो, प्रक्षेपण चालूच.

तिसरा प्रश्न मात्र ना नियमात सापडला ना कायद्यात. तो काढला सासूबाईंनी.

त्या वर्षी गणपतीला आम्ही चौलला गेलो. दादा येणार होते, आले नाहीत, कामं निघाली. एप्रिलपासून ते एकदाच येऊन गेले होते. पूर्वी दर पंधरा दिवसांनी यायचे ते रेडिओसाठी. आता रेडिओच मुलुंडला आल्यावर यायचं कशाला? यात दुष्टपणा काही नाही. रोज फोन असायचा. वाणसामान घरपोच, औषधं घरपोच. शिवाय आता एक नवं तंत्र निघालं आहे, एफटी-आठ नावाचं. नोबेल मिळवलेल्या जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर ते २०१७ मध्ये काढलं. त्यात बोलायचंसुद्धा नाही; पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनं संगणकच संगणकाला खुणेचे सूर पाठवतो. दादा एंटर दाबून वरणभात कालवायला घेतात. भात संपेपर्यंत फिनलंड होऊन जातं. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तिकडचाही जेवत असेल. मग बोलतंय कोण?’

मग सुपारी कातरता कातरता त्या म्हणाल्या, ‘जावईबापू, आपल्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड आहे. पाऊस लांबला की ते उघडायचं, असं पूर्वीपासून आहे. पण ते उघडायला माणसं जमावी लागतात हो. पाऊस येतो, नाही येतो, ते त्याच्या हातात. पण गाव जमतं.’

मी काही बोललो नाही. मला आमच्या शाखेतला नोव्हेंबर आठवला. पूर्वी त्या महिन्यात सगळे पेन्शनर हयातीच्या दाखल्यासाठी जातीनं यायचे. आपण जिवंत आहोत हे कारकुनाला दाखवायचं नि सही करायची. काम दोन मिनिटांचं. पण परीटघडीचं धोतर नेसून येणारे एक आजोबा तासभर बसायचे. कोण बदलून गेलं, कुणाला मुलगा झाला, सगळी चौकशी. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं. आता घरी बसून बोट किंवा चेहरा दाखवला की सरकारला कळतं, माणूस आहे. अंथरुणाला खिळलेल्यांना याचा केवढा आधार झाला, हे मी पाहिलं आहे; त्याला नाव ठेवणार नाही. पण ते आजोबा आता येत नाहीत. ते आहेत, हे संगणकाला माहीत आहे. आम्हाला नाही.

काम आणि निमित्त ही दोन वेगळी खाती आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. यंत्र काम वाचवतं. पण कामाच्या पोटात निमित्त दडलेलं असतं, ते त्याच फटक्यात राइट ऑफ होतं, आणि ताळेबंदात कुठेच दिसत नाही. आईला भेटायला म्हणून माणूस दर पंधरा दिवसांनी वडखळची गर्दी सोसत नाही. तसं कबूल करायलाही त्याला लाज वाटते. रेडिओसाठी मात्र सोसतो. मग रेडिओ खोटा होता का? मला वाटतं, नव्हता. तो टॉलेमीही नव्हता नि निकितिनही नव्हता. तो निकितिनचा घोडा होता. घोडा विकायचा म्हणून तर माणूस समुद्र ओलांडतो.

दसऱ्यानंतर चौलचं स्टेशन बिघडू लागलं. दर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी वीज जायची, दुपारी बॅटरी उतरायची आणि डबा मरायचा. फोनवरून काही होईना. सासूबाईंनी पिन काढून दहा वेळा राम म्हटलं तरी होईना. शनिवारी दादांना जावंच लागायचं. गेले की यंत्र तासाभरात सुरू. मग रविवारपर्यंत ते तिथेच.

दिवाळीत आम्ही चौलला होतो, आणि शुक्रवारी सकाळी मी पडवीत दात घासत उभा असताना सासूबाई हातात काठी घेऊन आल्या, स्टुलावर न चढता काठीच्या टोकानं त्या खोलीचा मेन स्विच खाली केला आणि मला पाहून थबकल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘जावईबापू, चहा घेणार ना?’

घेतला. आता नीतीचा खरा पेच माझ्यापुढे उभा राहिला. दादांच्या तारकांना मी खोटं म्हणालो होतो. मग हे काय? सांगावं तर एका आईची चहाडी. न सांगावं तर मी कटात सामील. दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या खिशात आली होती.

मुलुंडला परतल्यावर राहवेना. मी दादांना आडून विचारलं, ‘तुमच्या त्या वीज जाण्याचं कारण सापडलं का?’ दादांनी संगणकावर नोंदवही उघडली. डबा प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतो. शुक्रवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, मेन बंद. त्याच्या आधीचा शुक्रवार सोडून त्याच्या आधीचा, नऊ बारा. त्याच्या आधी, नऊ आठ. ‘शेजारी दिवे असतात, मी विचारलंय,’ दादा म्हणाले. ‘साडेनऊला तिची पूजा असते. त्याआधी उरकत असणार.’

‘मग तिला सांगितलं नाहीत?’

‘काय सांगू?’ दादांनी नोंदवही मिटली. ‘उद्या जायचंय. वडखळला सकाळी गर्दी कमी असते म्हणतात.’